बधिर तळव्याचा इतिहास

जरा पायाच्या आतल्या घोट्यामागे बोट ठेवा. नाडी लागते ना? तिला लागूनच टिबियल नर्व्ह, म्हणजे पोटरीतून तळव्यात उतरणारी मोठी नस. खडा टोचला, चटका बसला, तळव्याची ही खबर तीच वर पोचवते.

आता १९३६ सालात चला. नागपूरजवळच्या वर्ध्यात, दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केलं. पुढं १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्यात महारोगी सेवा समिती काढली. लोकांची समजूत एकच: हा रोग बोटं झडवतो! जंतू तर हॅन्सेननं १८७३ मध्येच दाखवला होता. पण तळव्याची जखम का भरत नाही? उत्तर या घोट्यामागं होतं. जंतूमुळे नस सुजते, तळवा बधिर होतो, आणि माणूस काटा रुतलेल्या पायानंच मैलभर चालत राहतो. दुखतच नाही, तर थांबणार कशाला? वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी हे लावून धरलं. इलाज काय, तर जखमेला विश्रांती, प्लॅस्टर, नि मऊ रबराची चप्पल. चप्पल हा इलाज! मला अजूनही याचं नवल वाटतं.

औषधानं जंतू मरतो, पण फार दिवस दबलेली नस बहुधा परत जागी होत नाही. म्हणून रोगातून बरा झालेल्या माणसालाही रोज तळवा डोळ्यांनी तपासावा लागतो.