मॅशिंग व स्पार्जिंग (घरगुती बिअरनिर्मितीतील)

तयार माल्ट-अर्क न वापरता थेट माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, वर्ट हा गोड द्रव काढण्याच्या लागोपाठच्या दोन क्रिया. घरगुती घाणा बहुधा २० लिटरच्या आसपास असतो.

मॅशिंग : भरडलेला माल्ट किलोमागे २.५ ते ३ लिटर गरम पाण्यात तासभर भिजवतात. विकरांमुळे स्टार्चची शर्करा होते. ६३–६५° से. तापमानाला बीटा-अमायलेजाचे काम अधिक होऊन बिअर कोरडी उतरते; ६८–६९° से. ला ती भरीव लागते. सामू ५.२ ते ५.६ असावा.

स्पार्जिंग : चोथ्यात अडकलेली शर्करा ७५–७७° से. च्या पाण्याने धुऊन काढणे. गाळणीचे काम सातूची टरफलेच करतात. म्हणून भरड फार बारीक नको. सुरुवातीचा गढूळ वर्ट नितळ येईपर्यंत पुन्हा वरून ओततात. सतत पद्धतीत वरून झिरपेल तेवढेच पाणी सोडून खालून त्याच गतीने वर्ट घेतात. घाई केल्यास पाणी थरातून एखादीच वाट पाडते आणि उरलेल्या चोथ्यातली शर्करा तिथेच राहते. टप्प्याच्या पद्धतीत पहिला वर्ट पुरता काढून नवे पाणी ओततात, ढवळतात व पुन्हा निथळतात. उतारा किंचित कमी, पण लहान घाण्याला हीच सोयीची. वर्टचे विशिष्ट गुरुत्व १.०१० च्या खाली गेले व सामू ६ कडे सरकला, की टरफलांतील टॅनिन उतरून बिअर तुरट होते. तिथे हात आवरणे हेच यातले खरे कसब. धुण्यापूर्वी मॅश तापवून विकरे थांबवणे लहान घाण्यात आवश्यक आहे का, याविषयी एकमत नाही.

ऑस्ट्रेलियात २००० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या पिशवी-पद्धतीत सगळे पाणी आरंभीच घेऊन माल्टची कापडी पिशवी शेवटी उचलतात. स्पार्जिंग बहुधा गाळले जात असल्याने तिचा येथे अधिक विचार केलेला नाही.

इतिहास : इंग्लंडमध्ये पूर्वी एकाच माल्टवर दोन-तीनदा पाणी घालून उतरत्या ताकदीच्या बिअरी करीत. स्पार्जिंग आधी स्कॉटलंडमध्ये रूढ झाले व एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पसरले. एकात एक बसणाऱ्या दोन बादल्यांपैकी आतलीला भोके पाडून केलेली गाळणी अमेरिकेत चार्ली पापाझियन यांनी लोकप्रिय केली.

कायदा : घरगुती बिअरसाठी परवान्याची अट ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये गेली, अमेरिकेत संघीय मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.