शिक्का नसलेले मास्तर

सुवॉनमधल्या एका इंग्रजी क्लासच्या ऑफिसात माझं टेबल आहे. दक्षिण कोरियात असे खासगी क्लास गल्लोगल्ली असतात. शाळा सुटली की पिवळ्या व्हॅनमधून मुलं उतरतात आणि रात्रीपर्यंत वर्ग चालतात. मी शिकवत नाही. शिकवायला येणाऱ्या परदेशी मास्तरांचे कागद जमवते, लावते आणि इमिग्रेशन ऑफिसात नेऊन देते. पासपोर्ट, पदवी, पदवीवरचं अपोस्टील म्हणजे सरकारी शिक्का, पोलिसांचा दाखला, त्यावरचं अपोस्टील, करारपत्र आणि माणूस इथे पोचला की वैद्यकीय तपासणीचा अहवाल. नवख्याला ही सरकारी हौस वाटते. मला मात्र त्या फाइलमध्ये सनावळी दिसते. प्रत्येक कागदाला जन्मसाल आहे, आणि बहुतेकांच्या जन्मामागे एखादं प्रकरण आहे.

सुरुवातीचे मास्तर आले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. 1882 साली कोरियाचा अमेरिकेशी तह झाला आणि राजा गोजोंगनं अमेरिकेकडे शिक्षक मागितले. 1884च्या डिसेंबरात सोलमध्ये बंडाळी झाली आणि तो बेत मागे पडला. अखेर 1886 साली होमर हलबर्ट, जॉर्ज गिलमोर आणि डेल्झेल बंकर हे तिघे तरुण आले. तिघेही न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीचे विद्यार्थी. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे प्रमुख जॉन ईटन यांनी नावं सुचवली, ती राजानं मानली, एवढीच त्यांची तपासणी. त्यांच्यासाठी युग्यॉंग गोंगवॉन ही सरकारी शाळा निघाली. एका वर्गात तरुण अधिकारी, दुसऱ्यात सरदार घराण्यांतली मुलं.

शाळा 1894पर्यंतच टिकली, पण हलबर्ट टिकले. ते कोरियन शिकले, आणि दरबारी मंडळी चिनी अक्षरांना चिकटून बसली होती त्या काळात त्यांनी जगाच्या भूगोलाचं पुस्तक निव्वळ हंगुल लिपीत लिहिलं. 1905मध्ये जपानचा फास आवळत आला तेव्हा गोजोंगचं पत्र घेऊन वॉशिंग्टनला गेले ते हेच. 1949 साली सरकारच्या निमंत्रणावरून ते सोलला परतले आणि इथेच वारले. यांगह्वाजिनच्या परदेशी लोकांच्या स्मशानात त्यांची कबर आहे. आजच्या नियमानं त्यांची पदवी चालली असती, कारण ते डार्टमथ कॉलेजचे पदवीधर होते. फक्त ती पदवी कुणी पाहायला मागितली नव्हती. माणसाच्या मागे ओळखीच्या माणसाचा शब्द होता.

हा शब्दाचा कारभार पुढेही चालला. 1966 ते 1981 या काळात अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक कोरियात येत राहिले आणि त्यांतल्या अनेकांनी गावोगावच्या शाळांत इंग्रजी शिकवलं. कॅथलीन स्टीव्हन्स त्यांतल्याच. 1975मध्ये त्या आल्या आणि येसान या आडगावच्या माध्यमिक शाळेत शिकवू लागल्या. 2008 साली अमेरिकेच्या राजदूत म्हणून परतल्या तेव्हा अस्खलित कोरियन बोलत होत्या. त्यांची निवड आणि हमी दोन्ही त्यांच्या सरकारची होती. शाळेच्या मुख्याध्यापकाला वेगळं काही तपासायची गरज पडली नाही.

ही घडी मोडली ती मागणीमुळे. 1980 साली लष्करशहा चुन दू-ह्वान यांनी खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. ती हळूहळू सैल झाली आणि 2000 साली घटना न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. दरम्यान 1988चं ऑलिंपिक होऊन गेलं. 1995 साली सरकारी शाळांत परदेशी शिक्षक आणायची 'एपिक' योजना निघाली आणि 1997पासून तिसरीच्या मुलांना इंग्रजी लागलं. मग प्रत्येक आईबापाला आपल्या पोराच्या वर्गात गोरा मास्तर हवा झाला. 2010च्या आसपास ई-2 या व्हिसावर वीस हजारांहून जास्त परदेशी शिक्षक कोरियात होते. एवढ्यांच्या मागे कुणाचा शब्द असणार? विमानाचं तिकीट आणि राहायला खोली क्लासवाला देई, बदल्यात पासपोर्ट आणि पदवी हातात पडली की झालं. पदवी म्हणजे चौकटीत लावायचा छापील कागद, आणि बँकॉकच्या खाओसान रोडवर तसला कागद हवा त्या विद्यापीठाच्या नावानं छापून मिळत होता.

लोकांचा संताप पहिल्यांदा उसळला तो 2005च्या जानेवारीत. सोलच्या होंगदे भागातल्या एका पार्टीचे फोटो फिरले, त्यात परदेशी मास्तर आणि कोरियन मुली होत्या. कायद्यानं पाहिलं तर त्यात गुन्हा फारसा नव्हता. पण परदेशी शिक्षकांची झडती घ्या म्हणून मागणी करणारा एक नागरिकांचा गट त्यातून उभा राहिला आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला.

खरं वादळ 2007चं. जुलैमध्ये डोंगुक विद्यापीठातल्या कलेतिहासाच्या प्राध्यापिका शिन जाँग-आ यांची येल विद्यापीठाची पीएचडी खोटी निघाली. मग नटनट्या, वास्तुविशारद, रेडिओवरचे लोक अशा एकेकाच्या पदव्या उघड्या पडू लागल्या. या प्रकरणातली एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं कोरून ठेवावी अशी आहे. डोंगुकनं पदवीची खातरजमा केली होती! 2005 साली येलला विचारलं होतं आणि येलनं 'हो, आमचीच' असं फॅक्सनं कळवलं होतं. तो फॅक्स चुकून गेल्याचं येलनं 2007च्या अखेरीस कबूल केलं आणि डोंगुकनं त्यांच्यावर अमेरिकेत दावा लावला. म्हणजे तपासणी झाली नव्हती असं नाही. उत्तर देणारा गाफील होता.

योगायोग असा की कोरियात अपोस्टीलचा करार लागू झाला तो याच महिन्यात, 14 जुलै 2007ला. भारतात तो बरोबर दोन वर्षं आधी, 14 जुलै 2005ला लागू झाला होता. एका देशाच्या नेमलेल्या खात्यानं कागदावर शिक्का मारला की दुसऱ्या देशानं वकिलातीतून पुन्हा शहानिशा न करता तो मानायचा, असा हा करार. 2010-11च्या सुमारास कोरियानं परदेशी शिक्षकांच्या पदवीवर हे अपोस्टील सक्तीचं केलं. कॅनडा या करारात आला 2024च्या जानेवारीत; तोवर तिथल्या मास्तरांना कोरियन वकिलातीच्या दारात उभं राहावं लागे. आमच्या ऑफिसात कॅनडाची फाइल आली की सगळे सुस्कारा टाकत.

पोलिसांच्या दाखल्याचा जन्म 2007च्याच ऑक्टोबरातला. मुलांवरच्या अत्याचारांच्या फोटोंमधला एक चेहरा इंटरपोलनं जाहीर केला, आणि तो माणूस ग्वांगजूमध्ये इंग्रजी शिकवणारा कॅनडाचा शिक्षक निघाला. थायलंडमध्ये त्याला पकडलं. डिसेंबरात कोरियाच्या न्याय मंत्रालयानं नियम काढला: ई-2 मागणाऱ्यानं गुन्हे नसल्याचा दाखला द्यायचा. पालकांच्या जागी मी असते तर मीही तो मागितला असता. तरीही हे सांगायलाच हवं, की त्या माणसाला त्याआधी कुठे शिक्षा झालेली नव्हती. हा दाखला आधीपासून असता तर त्याचा कोराच आला असता. पुढे अमेरिकनांना आपल्या राज्याचा दाखला पुरेनासा झाला. बोटांचे ठसे देऊन एफबीआयचा आणायचा आणि त्यावर वॉशिंग्टनहून अपोस्टील घ्यायचं.

त्याच नियमानं आणखी एक गोष्ट लादली, एचआयव्हीची चाचणी. तिला कुठल्याच प्रकरणाचा आधार नव्हता, होती ती फक्त भीती. कोरियन शिक्षकांना ती नव्हती. कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नव्हती. त्यांचा व्हिसा वेगळा. उल्सानमधल्या न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं पुन्हा चाचणी द्यायचं नाकारलं, तिचं कंत्राट गेलं आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेली. 2015मध्ये समितीनं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि 2017च्या जुलैत कोरियानं चाचणी काढून टाकली. फाइलमधून कागद कमी झाल्याची ही घटना मी अपवाद म्हणूनच धरते. वाढलेला कागद सहसा परत जात नाही.

आता उरला पासपोर्ट. ई-2 साठी सात देशांचेच चालतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या भिंतीला आपल्यासाठी एक खिडकी आहे. भारत आणि कोरिया यांच्यात 2009च्या ऑगस्टमध्ये व्यापार करार झाला, तो 1 जानेवारी 2010ला लागू झाला. त्यात कोरियन शाळांत भारतीयांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून घेता येईल, असं कलम आहे. मी साताऱ्याकडची, इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झालेली, सहावी ते दहावीला शिकवलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा त्या कलमाच्या भरवशावर कागद तयार केले. पदव्या मंत्रालयातून साक्षांकित करून घेतल्या, मागच्या बाजूला परराष्ट्र खात्याचं अपोस्टील चिकटवून आणलं, पासपोर्ट ऑफिसातून पोलिसांचा दाखला काढला. कागदात कुणी खोट काढली नाही. मुलाखतीला मात्र कुणी बोलावलं नाही. एका मध्यस्थानं फोनवर गोड आवाजात सांगितलं, ''मॅडम, पालकांना सातांतलेच हवे असतात.''

राग यायचा तो आला आणि गेला. आता दुसऱ्यांच्या फाइली लावताना एक गंमत मात्र रोज डोळ्यांसमोर येते. सातांतल्या माणसाला क्लासमध्ये शिकवायला कुठलीही पदवी चालते. वनशास्त्राची असो, हिशेबाची असो, व्हिसा मिळतो. सरकारी शाळांच्या योजनेत थोडं प्रशिक्षण मागतात, पण ती योजनेची अट आहे, व्हिसाची नाही. भारतीयाच्या खिडकीवर मात्र पदवीबरोबर इंग्रजी शिकवायचा परवाना दाखवावाच लागतो. म्हणजे शिकवता येतं का, असं या अख्ख्या व्यवस्थेनं ज्या एकाच रांगेला विचारलं, त्या रांगेतल्या माणसाला वर्ग मिळत नाही.

यात कुणाचा कट आहे असं मी मानत नाही. एकेका बातमीनंतर एकेक कागद वाढत गेला, आणि त्या बातम्या खोट्या पदवीच्या होत्या, गुन्ह्याच्या होत्या, भीतीच्या होत्या. वाईट शिकवल्याची बातमी कधी होत नाही, म्हणून त्याचा कागदही जन्मला नाही. आमच्या बी.एड.ला सराव पाठ असत. टाचण लिहायचं, खऱ्या मुलांसमोर तास घ्यायचा, आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनी वहीत लाल शाईनं शेरा मारायचा. त्या शेऱ्याला कुठल्या करारानं अपोस्टील देता येणार नाही. त्यासाठी कुणीतरी उठून वर्गात जाऊन बसावं लागतं. हजारो मास्तरांच्या वर्गात जाऊन बसण्यापेक्षा हजारो फाइली तपासणं सरकारला सोपं पडतं, आणि माझा पगार त्या सोपेपणातूनच निघतो.