कादंबरी वाचून आयुष्य समजते का?

१८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर आले. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टी दोन ओळींत संपतात. पण त्या काळात नवरा वारलेल्या तरुण मुलीला घरातल्या घरात काय सोसावे लागे, हे त्या ओळींवरून कळत नाही. ते कळण्यासाठी हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचावी लागते.

आपट्यांनी १८९० साली, वयाच्या २६ व्या वर्षी, ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातच ही कादंबरी क्रमशः छापली. सगळी हकिगत यमुना, म्हणजे यमू, स्वतः सांगते. कथानक थोडक्यात असे: नवरा रघुनाथराव तिला लिहा-वाचायला प्रोत्साहन देतो, मुंबईत काही दिवस सुखाचे जातात, मग तो वारतो आणि पुढे तिचे जबरदस्तीने केशवपन केले जाते.

हे चार ओळींत वाचून वाईट वाटते खरे, पण तेवढेच. कादंबरीत आपण आधी यमूचे बालपण, तिची मैत्रीण दुर्गी, सासरचे माजघर यांत बराच काळ राहिलेलो असतो. त्यामुळे केशवपनाचा प्रसंग येतो तेव्हा ते ‘एका विधवेचे’ उरत नाही. ते आपल्या ओळखीच्या मुलीचे असते. हा वेळ घालवणे हेच कादंबरीचे खरे काम. सारांश वाचून ते साधत नाही.

शंकरमामंजी हे पात्र जरा जास्तच काळे रंगवले आहे, असे आज वाटते. यमूचे वडील मात्र अधिक विचार करायला लावतात. घरात पुरुषाचा धाक हवाच, अशी त्यांची समजूत. आपण कुणावर अन्याय करतो हे त्यांच्या गावीही नाही. अशी माणसे आजही घरोघरी सापडतील.

शास्त्रीय पुरावा काय सांगतो? २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. साहित्यिक कथा थोडा वेळ वाचल्यावरही दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. नंतर इतर संशोधकांनी प्रयोग पुन्हा केले तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तेव्हा कादंबरीला औषधाच्या गोळीसारखे समजू नये.

शिवाय एका कादंबरीत सगळे आयुष्य मावत नाही. यमूचे जग पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे. माणदेशातल्या मेंढपाळांचे जगणे पाहायचे तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्यावी, मांग समाजातल्या बंडखोराची गोष्ट हवी तर अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’. आपट्यांची भाषा जुनी आणि पाल्हाळिक आहे, पहिली काही प्रकरणे सावकाश सरकतात. पण ती मुळात साप्ताहिकातून थोडी थोडी वाचली गेली होती. आजही तशीच, रोज एखादे प्रकरण, वाचली तर जड जात नाही.