आघाडीवरचे नाव : राष्ट्रपतिपदाची उमेदवारी आणि मराठवाडा

राष्ट्रपतिपदासाठी एखादा पक्ष कोणाला उभे करणार, याचा अंदाज बांधण्याची प्रथा भारतीय राजकारणात प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. चर्चेत सर्वांत पुढे असलेल्या व्यक्तीलाच अखेर उमेदवारी मिळेल, हे त्या अंदाजामागचे गृहीतक मात्र इतिहासाने वारंवार खोटे ठरवले आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड प्रामुख्याने राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतून होते, म्हणजे पक्षाचे सामान्य मतदार आपली पसंती मतपेटीतून व्यक्त करतात आणि प्रत्येक टप्प्यावर प्रतिनिधींची मोजणी करता येते. तरीही तेथे १९७२ मध्ये एडमंड मस्की आणि २००८ मध्ये हिलरी क्लिंटन हे आरंभीचे अग्रेसर मागे पडले. भारतात अशी मोजणीच उपलब्ध नसते. उमेदवार पक्षाचे संसदीय मंडळ किंवा आघाडीतील मोजके नेते ठरवतात आणि बैठक संपेपर्यंत बाहेरच्या माणसाच्या हाती नावांच्या यादीपलीकडे काही लागत नाही.

या यादीत मराठवाड्याशी निगडित असलेली दोन नावे पाच वर्षांच्या अंतराने अग्रभागी आली आणि दोन्ही वेळा उमेदवारी दुसऱ्याच व्यक्तीकडे गेली. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या काळचे औरंगाबाद, हे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे विभागीय ठाणे. त्यामुळे या दोन प्रसंगांचा विचार या शहराच्या आणि विभागाच्या राजकीय इतिहासाचा भाग म्हणून करणे योग्य ठरते.

उमेदवारीचे गणित ज्या चौकटीत मांडले जाते, ती आधी समजून घ्यावी लागते. राष्ट्रपतींची निवड निर्वाचक मंडळ करते, म्हणजे संसदेचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून मतदान करतात, आणि प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेतील राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य १७५ आहे, उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे २०८. एकूण मतमूल्य २००७ मध्ये सुमारे १० लाख ९८ हजार होते; एवढ्या मोठ्या मतमूल्यामुळे आघाडीच्या काळात केंद्रात सत्तेवर असलेल्या पक्षालाही मित्रपक्षांवाचून आपला उमेदवार निवडून आणता येत नाही. आणि ज्याच्यावाचून चालत नाही, त्याला नाव नाकारण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.

एकपक्षीय वर्चस्वाच्या काळातही हा अडसर पक्षाच्या आत होताच. १९५० मध्ये पंतप्रधान नेहरूंची पसंती राजगोपालाचारी यांना होती, परंतु पक्षातील बहुमत राजेंद्रप्रसाद यांच्या बाजूने उभे राहिले. १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळात इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले, तेव्हा मंडळाने बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. त्या बहुमतात यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील हे दोन महाराष्ट्रीय नेते होते. पुढे इंदिरा गांधींनी विवेकानुसार मतदान करण्याचे आवाहन केले आणि अपक्ष उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांच्या मोजणीनंतर ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने विजयी झाले. त्या लढतीत तिसऱ्या स्थानावर राहिलेले उमेदवार चिंतामणराव देशमुख होते, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा लाभलेल्या या विद्वान अर्थवेत्त्याला पहिल्या पसंतीची सव्वा लाखही मते मिळाली नाहीत, परंतु त्यांच्या मतांच्या वाटपावाचून निकाल लागू शकला नाही.

मराठवाड्याशी निगडित पहिला प्रसंग २००२ चा. पी. सी. अलेक्झांडर हे जन्माने केरळचे, परंतु जानेवारी १९९३ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल आणि त्या नात्याने राज्यातील विद्यापीठांचे कुलपती होते. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडले गेले, तो नामविस्तार त्यांच्याच कार्यकाळात झाला. विधिमंडळाने १९७८ मध्ये ठराव केल्यानंतर सोळा वर्षे रखडलेला, अनेक दलित कुटुंबांच्या घरादाराची होळी पाहिलेला तो प्रश्न होता. राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या चर्चेत अलेक्झांडर यांचे नाव अग्रभागी होते, मात्र आघाडीतच तेलुगू देसमचे चंद्राबाबू नायडू उपराष्ट्रपती कृष्णकांत यांना अनुकूल होते आणि काँग्रेसने अलेक्झांडर यांना ठाम विरोध केला. हेच अलेक्झांडर इंदिरा गांधींचे प्रधान सचिव राहिलेले होते. ज्या पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्वाजवळ त्यांनी काम केले, त्याच पक्षाने त्यांना नाकारले. अखेर जून महिन्यात ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव पुढे आले, काँग्रेसनेही ते स्वीकारले, आणि डाव्या पक्षांच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचा पराभव करून ते राष्ट्रपती झाले.

दुसरा प्रसंग मराठवाड्याच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील १९८० ते १९९९ या काळातील सात निवडणुकांत लातूरमधून सलग लोकसभेवर निवडून गेले, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते, आणि २००४ मध्ये लातूरमध्ये रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून पराभूत होऊनही केंद्रीय गृहमंत्री झाले. मतदारांनी नाकारल्यानंतर लगेच गृहखाते मिळणे हा पक्षनेतृत्वाच्या विश्वासाचा स्पष्ट पुरावा होता, आणि २००७ मध्ये त्यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी अग्रभागी येण्याचे मोठे कारण तोच विश्वास होता. संसदीय प्रथांची जाण, संयत भाषा आणि सभागृह चालवण्याचा अनुभव या त्यांच्या गुणांविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. या लेखाच्या मते त्या यादीतील पात्रतेच्या निकषावर ते कोणाहून उणे नव्हते.

परंतु संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार लोकसभेतील सुमारे ६० डाव्या खासदारांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर उभे होते. सर्वोच्च पदावरील व्यक्तीची धर्मनिरपेक्ष भूमिका निःसंदिग्ध असावी, असा आग्रह धरून डाव्या पक्षांनी पाटील यांच्या नावाला संमती दिली नाही. एकदा एका नावाला नकार मिळाला की पुढच्या नावांची पारख गुणांपेक्षा आक्षेपांच्या अभावावर होऊ लागते. डॉ. करणसिंह आणि सुशीलकुमार शिंदे यांच्याही नावांची चर्चा झाली, आणि १४ जून २००७ रोजी राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभा पाटील यांच्या नावावर शिक्कामोर्तब झाले. त्या मूळच्या जळगाव जिल्ह्यातील. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडे औरंगाबाद जिल्हा आणि पलीकडे खानदेश; ज्या मान्यतेची अपेक्षा मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला होती, ती या सीमेला लागून असलेल्या उत्तरेकडील जिल्ह्यात पोहोचली.

उमेदवारीनंतर आणखी एक अनपेक्षित गोष्ट घडली. राष्ट्रीय लोकशाही आघाडीने भैरोंसिंह शेखावत यांना पाठिंबा दिलेला असताना त्याच आघाडीतील शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभा पाटील यांच्या बाजूने कौल दिला. औरंगाबादची लोकसभेची जागा त्या वेळी शिवसेनेकडेच होती. प्रतिभा पाटील यांना ६,३८,११६ मतमूल्य मिळाले, शेखावत यांना ३,३१,३०६, आणि २५ जुलै २००७ रोजी त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

या दोन्ही प्रसंगांत अंदाज चुकवणारे कारण एकच दिसते. अंदाज बांधणारा पाठीराखे मोजत होता, तर उमेदवारी ठरत होती विरोधकांच्या संख्येवर, आणि तेही ज्यांच्या नकाराला किंमत होती अशाच विरोधकांच्या. अलेक्झांडर यांना सत्ताधारी आघाडीत वजनदार पाठिंबा होता, शिवराज पाटील यांना स्वपक्षाच्या नेतृत्वाचा होता. कलाम आणि प्रतिभा पाटील यांना आरंभी तसा आग्रही पाठिंबा नव्हता, पण ज्यांना अडवता आले असते त्यांपैकी कोणाचाही कडवा विरोध नव्हता. म्हणून यापुढे अशा निवडीचा अंदाज करू पाहणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक नावापुढे समर्थकांची नव्हे, तर नकार देऊ शकणाऱ्या पक्षांची नोंद आधी करावी.

शिवराज पाटील मुंबईवरील हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ रोजी गृहमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील कोणीही व्यक्ती आजवर राष्ट्रपतिपदावर पोहोचलेली नाही.