शिवराज्याचे दिवस किती?

गेल्या मे महिन्यांत आमच्या लोणी भापकर गांवीं राज्याभिषेकदिनासाठीं माझ्या नातवानें एक फलक रंगविण्यास घेतला. 'अभिषेकानंतर महाराजांनीं राज्य केलें, दिवस' एवढें लिहून पुढें जागा मोकळी ठेवली आणि संगणकावर एक्सेलचा तक्ता उघडला. एका घरांत अभिषेकाची तारीख ६ जून १६७४, शेजारीं निर्वाणाची ३ एप्रिल १६८० घालून वजाबाकीचें सूत्र लिहिलें. उत्तराऐवजीं चुकीची खूण उमटली. "आजोबा, याला शिवकाल ठाऊकच नाहीं!" तो म्हणाला.

तें अक्षरशः खरें होतें. या तक्त्याच्या लेखीं तारीख म्हणजे दिवसांचा अनुक्रमांक. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. त्यापूर्वींची तारीख म्हणजे नुसतीं अक्षरें. (१९०० सालीं कधींच न उजाडलेली २९ फेब्रुवारीहि तो मोजतो. लोटस या आधींच्या तक्त्यांतील ही चूक, हिशेब जुळावे म्हणून, मुद्दाम राखलेली आहे!)

अनुक्रमांकाची युक्ति मात्र नवी नव्हे. आपले ज्योतिषी तिला अहर्गण म्हणतात. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं ग्रहलाघवांत शके १४४२ पासून, म्हणजे इ. स. १५२० पासून, दिवस मोजण्यास आरंभ केला. आणि आंकडे फुगूं नयेत म्हणून अकरा वर्षांचें, ४०१६ दिवसांचें, एक चक्र धरलें.

मींहि नातवाला चक्रच सुचविलें. इंग्रजी लीप वर्षांचा क्रम दर ४०० वर्षांनीं तोच फिरून येतो. म्हणून दोन्ही सालांत ४०० मिळव. त्यानें २०७४ व २०८० घातलीं. उत्तर आलें २१२८.

त्याच सायंकाळीं त्याला एके ठिकाणीं अभिषेकाची तारीख १६ जून अशी आढळली. ती घालतांच दिवस झाले २११८. महाराजांचे दहा दिवस कोणीं नेले?

ते नेले पोप ग्रेगरींनीं. १५८२ सालीं त्यांनीं पंचांग सुधारून दहा दिवस गाळले. गोव्याच्या पोर्तुगीजांनीं नवी गणना घेतली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनीच चालवीत राहिले, आणि त्या सालीं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं त्यांना १४ सप्टेंबर लिहावा लागला. अभिषेकास रायगडावर आलेल्या मुंबईकर हेन्री ऑक्झिंडनचा ६ जून, तोच गोव्यांतला १६ जून. निर्वाणाची ३ एप्रिल ही जुन्या गणनेची आहे. एक तारीख नवी व एक जुनी घेतली, म्हणजे तक्ता निमूटपणें खोटें उत्तर देतो. पहिल्यानें चुकीची खूण दाखविली होती, तीच बरी!

पडताळा मीं तिथींनीं घेतला. शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३ पासून शके १६०२ चैत्र शुद्ध १५ पर्यंत महिन्यांचीं नांवें मोजलीं, तर ७० मास व २ तिथि. चांद्रमास सुमारें २९.५३ दिवसांचा, म्हणजे दिवस सुमारें २०६९. एकूणसाठ कमी! क्षणभर मीच घाबरलों. पण एकूणसाठ म्हणजे नेमके दोन चांद्रमास. अधिक मास सरासरीनें साडेबत्तीस महिन्यांनीं येतो. तेव्हां मध्यें दोन अधिक मास पडले होते, आणि ते मीं मोजलेच नव्हते. ते धरतांच २१२८ जुळले.

उरला एक वाद. वजाबाकींत एका टोंकाचा दिवस गळतो. अभिषेकाचा दिवस महाराजांचा, निर्वाणाचाहि त्यांचाच, असें नातवाचें म्हणणें पडलें. तें मला मान्य झालें, आणि फलकावर २१२९ रंगविलें.