आगोट, शाकारणी आणि चक्रीवादळ : कोकणातील छपरांच्या इतिहासाची एक बाजू

अरबी समुद्रातील वादळांचा जो इतिहास उपलब्ध आहे, तो बहुतांशी जहाजांचा, बंदरांचा आणि दगडी इमारतींचा इतिहास आहे. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर जे प्रचंड वादळ झाले, त्याच्या वृत्तान्तात समुद्राचे पाणी शहरात शिरल्याचा, चर्चचे माथे उडून गेल्याचा आणि दोन हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा उल्लेख येतो. १ नोव्हेंबर १८५४ रोजी मुंबईत झालेल्या वादळाची आठवण राहिली ती मुख्यतः बंदरात बुडालेल्या गलबतांमुळे व त्यांतील प्राणहानीमुळे. ज्यांनी लिहून ठेवले त्यांचे हितसंबंध जेथे गुंतलेले होते, तेथेच त्यांची दृष्टी गेली, यात नवल नाही. वसईच्या चर्चचा माथा उडाला हे आपणास कळते. त्याच चर्चच्या शेजारच्या कोळीवाड्यातील झापांच्या छपरांचे काय झाले, हे कळत नाही. शिवाय जे लिहिले गेले तेही सर्वच विश्वसनीय नाही. जून १८८२ मध्ये मुंबईत वादळाने एक लाख लोक मेले, हे विधान जगातील भीषण वादळांच्या अनेक याद्यांतून वर्षानुवर्षे उतरवले जात होते. असे वादळ झालेच नव्हते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. एक लाख मृतांची घटना कल्पित निघावी आणि खरोखर उडालेल्या हजारो छपरांची नोंद नसावी, अशी या साधनांची स्थिती आहे.

म्हणून घराच्या छपराचा इतिहास वेगळ्या मार्गाने शोधावा लागतो. तो घरबांधणीच्या साहित्यात, कामाच्या वार्षिक वेळापत्रकात आणि कोकणी बोलीतील शब्दांत सापडतो. त्यांपैकी वेळापत्रकाचा विचार प्रथम केला पाहिजे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : एक पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, दुसरा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. १६१८ चे वादळ पहिल्या हंगामातले. १८५४ चे, मुंबईचे नोव्हेंबर १९४८ चे आणि नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ ही दुसऱ्या हंगामातली. हवामानशास्त्राच्या दृष्टीने हा भेद सर्वश्रुत आहे. परंतु गृहस्थाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. नोव्हेंबरात छप्पर उडाले तर पुढे सहा महिने उघडीप असते. गवत कापणीस आलेले असते, भाताचा पेंढा खळ्यावर पडलेला असतो आणि डागडुजी सवडीने करता येते. तेच छप्पर जूनच्या पहिल्या आठवड्यात उडाले, तर पुढच्या चार महिन्यांत सुमारे तीनशे सेंटिमीटर पाऊस त्या उघड्या घरात पडावयाचा असतो. मातीच्या भिंती, कणगीतील भात, अंथरूण-पांघरूण, चुलीचे सरपण, सर्वच त्याच्या तावडीत सापडते. सारख्याच वेगाचा वारा, सारखीच मोडतोड; परंतु हानी सारखी नव्हे.

पावसाळ्यापूर्वीच्या या काळाला कोकणात आगोट म्हणतात. आगोटीची बेगमी म्हणजे केवळ सुकी मासळी, मीठ आणि सरपण यांची साठवण नव्हे. घराची शाकारणी हा तिचा अविभाज्य भाग होता. शाकारणे म्हणजे छपरावरील आच्छादन उतरवून, निवडून पुन्हा घालणे. याचा उच्चार काही भागांत शेकारणे असाही होतो. गवताच्या किंवा पेंढ्याच्या छपरावर दरवर्षी नवा थर चढवावा लागे. किनारपट्टीत माडाच्या चुडतांचे विणलेले झाप वापरीत. वाऱ्याने ते उचलले जाऊ नयेत म्हणून वरून कळकाच्या काठ्या आडव्या घालून त्या सुंभाने वाशांना आवळीत. नळ्यांच्या छपराचे काम अधिक कौशल्याचे होते. कुंभाराने चाकावर घडवून उभा चिरलेला अर्धगोल नळा हा आकाराने कधीच एकसारखा नसे. उताण्या नळ्यांच्या ओळीवर पालथ्या नळ्यांची ओळ अशी त्यांची मांडणी केवळ परस्परांच्या आधाराने व स्वतःच्या वजनाने टिकून राही. मांजरे, कावळे, वानरे यांच्या वावराने नळे सरकत. म्हणून वर्षातून एकदा ते हलवून पुन्हा बसविणे अपरिहार्य होते.

या अपरिहार्यतेकडे उणीव म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तीत एक मोठा लाभ दडलेला होता. नळे उतरविले की छपराचा सांगाडा उघडा पडे. कोणता वासा कुजला, आढ्याला वाळवी लागली काय, रिपा कोठे खचल्या, सुंभाची बांधणी कोठे सैल झाली, हे सर्व दरसाल डोळ्यांखालून जाई. शाकारणीचा उघड हेतू गळती थांबविण्याचा होता. परंतु प्रत्यक्षात ती सांगाड्याची वार्षिक तपासणी होती, आणि वादळात घर टिकते की नाही हे आच्छादनापेक्षा सांगाड्यावरच अधिक अवलंबून असते. वादळासाठी म्हणून वेगळी तयारी कोकणातील गृहस्थ करीत नसे. त्याला तशी गरजही वाटली नसावी; पावसाची तयारी हीच वादळाची तयारी होती, आणि दोहोंचा हंगाम एकच होता.

छपराच्या साहित्यावरून घराची प्रतवारी करण्याचे काम इंग्रजी राजवटीने अधिकृतपणे केले. १८७२ च्या शिरगणतीत मुंबई इलाख्यातील घरांचे दोन वर्ग पाडले गेले : पक्क्या विटांच्या भिंती व कौलांचे छप्पर असलेली घरे पहिल्या वर्गात, आणि गवताने किंवा पानांनी शाकारलेली अथवा मातीच्या भिंतींची घरे दुसऱ्या वर्गात. रत्नागिरी (१८८०) व कुलाबा (१८८३) या जिल्ह्यांच्या गॅझेटियरांतून हीच विभागणी पुढे आली. गवती छप्पर हे दारिद्र्याचे लक्षण ठरले. ते अंशतः खरेही होते. आगीचे भय तर निर्विवाद होते. परंतु वादळानंतर गवती छपराचा धनी आपले घर गावच्या शिवारातील साहित्यावर, पैसा न वेचता आठवड्याभरात झाकू शकत होता, ही गोष्ट त्या वर्गवारीत मावणारी नव्हती.

याच सुमारास दक्षिणेकडून एक नवे कौल येऊ लागले. बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाची मूळ कल्पना फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंची, १८४१ मधील. नेत्रावती व गुरुपूर नद्यांच्या काठची चिकण माती या कामास उत्तम ठरली. यंत्रावर दाबून काढल्यामुळे कौले एकसारखी होत, खाचेत खाच बसे आणि चौरस मीटरला नळ्यांपेक्षा पुष्कळच कमी नग पुरत. लवकरच स्थानिक उद्योजकांनी आपले कारखाने काढले. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली, तोपर्यंत हा धंदा एकट्या मिशनचा राहिलाच नव्हता. मंगळूरहून शिडाच्या गलबतांतून ही कौले किनाऱ्याने वर सरकली आणि कोकणातील खाड्यांच्या बंदरांवर उतरू लागली.

ती विकत घेण्यास रोख पैसा लागे, आणि तो मुंबईहून येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचे प्रमाण फार मोठे होते. मनिऑर्डरीच्या पैशातून जी सुधारणा गावात प्रथम दिसली, ती म्हणजे मंगळुरी कौलांचे घर. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या मुंबईने कौलांसाठी पैसा पुरविला, तिनेच शाकारणीचे हात गावातून काढून नेले. चाकरमानी मे महिन्यात गावी येत, लग्नकार्ये उरकीत, छप्पर पाहून परत जात, आणि तेवढ्या सवडीत भागावे असेच छप्पर त्यांना हवे होते. मंगळुरी कौल दरसाल उतरवावे लागत नाही. फुटलेले तेवढे बदलले की झाले. गळती थांबली, श्रम वाचले. परंतु सांगाडा उघडून पाहण्याचा प्रसंगही दुर्मिळ झाला. वर कौल शाबूत आणि खाली वासा वाळवीने पोखरलेला, ही अवस्था नळ्यांच्या काळात अनेक वर्षे लपून राहणे कठीण होते. आता ते सहज शक्य झाले.

वारा छपरावर कसा आघात करतो, याविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. सामान्य समजूत अशी की वारा छपराला ढकलतो. प्रत्यक्षात तो पुष्कळ अंशी त्यास वर ओढतो. उतरत्या पाख्यावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब घटतो. वळचण, आढे आणि कोपरे या ठिकाणी ही ओढ सर्वांत जास्त असते. दार किंवा खिडकी उघडी राहिली तर आत शिरलेली हवा खालून रेटा देते आणि दोन्ही बले एकत्र होतात. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६५ ते ७० किलोग्रॅम वजनाइतका भरतो. मंगळुरी कौलांचे वजन तेवढ्याच क्षेत्रावर चाळीस किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे मधल्या भागातील कौले बहुधा तग धरतात, कडेची व कोन्यांजवळची उडतात. कौलांच्या फटींतून हवा खेळते, त्यामुळेही ओढ काहीशी कमी होते. कौलारू छप्पर असे तुकड्यातुकड्यांनी मोडते आणि खालचा सांगाडा बहुधा जागेवर राहतो. चौपाखी छप्पर याबाबतीत दुपाख्याहून सरस. टोकांच्या उंच त्रिकोणी भिंतींवर वाऱ्यास जी पकड मिळते, ती त्यात मिळत नाही. कोकणातील जुनी चांगली घरे चौपाखी असत, याचे कारण पावसाच्या झडीपासून चारी भिंतींचे रक्षण हे होते. वाऱ्यापासूनचे रक्षण त्यात आपोआप साधले.

लोखंडी पत्र्याची गोष्ट उलट आहे. त्याचे वजन चौरस मीटरला पाच-सहा किलोग्रॅमच. त्याची सारी भिस्त आकड्यांवर व स्क्रूंवर. कडेचा एक आकडा सुटला की पुढचा सुटतो आणि अखेर अख्खा पत्रा, प्रसंगी खालच्या दांड्यांसह, उडून दुसऱ्याच्या अंगणात पडतो. सिमेंटचा पत्रा जड खरा, पण ठिसूळ; फांदी पडली की फुटतो. असे असूनही अलीकडच्या दशकांत कौले काढून पत्रे घालण्याकडे कल वाढला. त्याची कारणे केवळ स्वस्ताईची नाहीत. वानरांच्या टोळ्यांनी कौले फोडण्याचा उपद्रव कोकणात असह्य झाला, छपरावर चढणारी जाणती माणसे कमी झाली आणि कुलूपबंद घरांची संख्या वाढली. वादळाचा विचार या निवडीत क्वचितच असे. वानर रोजचे होते, वादळ आठवणीपलीकडचे.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत छपरांची जी हानी झाली, तिच्यात वर सांगितलेल्या सर्व प्रकारांचे दर्शन घडले. त्यात माड, पोफळी व आंबे घरांवर कोसळल्याची भर पडली. झाड पडले की आच्छादनाचा प्रश्नच उरत नाही, आढे-तुळईच मोडते. वाड्यांत घराला बिलगून झाडे वाढविण्याची रीत सावलीसाठी व उत्पन्नासाठी योग्य होती. त्या दिवशी तीच घातक ठरली.

पण खरी कसोटी त्यानंतरच्या दिवसांची होती. पाऊस दाराशी आला होता. टाळेबंदीमुळे वाहतूक विस्कळित होती, वीज कित्येक गावांत अनेक आठवडे नव्हती. मुंबईहून परतलेल्या माणसांमुळे घरे भरलेली होती. हात होते, साहित्य नव्हते. पत्रे, ताडपत्री आणि कौले यांची एकाच वेळी इतकी मागणी झाली की बाजार तिला पुरा पडला नाही. गवत घालावे म्हटले तर जूनमध्ये गवत कोठून आणावयाचे, आणि ते रचणारा हात तरी किती गावांत उरला होता? शासनाने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५,१०० रुपयांवरून १,५०,००० रुपयांवर नेली. अंशतः हानीसाठी वेगळे दर ठरले. ही वाढ लहान नव्हती. तथापि मदतीचा मार्ग पंचनाम्यातून जातो आणि पंचनाम्यास मोडतोड जागेवर दिसावी लागते. छप्पर लगेच झाकावे तर हानीचा पुरावा झाकला जातो, न झाकावे तर भिंती भिजतात, हा पेच गृहस्थापुढे उभा राहतो. आच्छादन शिवारातून मिळत होते तेव्हा तो उद्भवत नसे. आच्छादन बाजारातून व भरपाई कचेरीतून येऊ लागली, तेव्हापासूनचा तो आहे. भारतीय मानक ब्यूरोने कमी उंचीच्या घरांच्या वादळप्रतिकारासाठी २००४ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. पत्र्यांच्या कडांना अधिक दाट बंधने, वाशांना भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडणे, अशा सूचनांमागचे तत्त्व सुंभाने आवळलेल्या काठ्यांहून निराळे नाही. परंतु घाईने, मिळेल त्या पत्र्यावर, मिळेल त्या माणसाकडून उरकलेल्या दुरुस्तीत अशा गोष्टींना अवसर नसतो. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. या वेळी सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतील छपरे त्याच्या तडाख्यात सापडली.

कौलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा थोडा फरक असे, त्यामुळे एका छापाचे कौल दुसऱ्या छापाच्या खाचेत नीट बसत नाही. मंगळूरकडील पुष्कळ जुने कारखाने आता बंद पडले आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घरावरील शंभर कौले फुटली, तर त्याच छापाची शंभर कौले नवी मिळत नाहीत. ती पाडलेल्या जुन्या घरांच्या मालातून शोधावी लागतात, नाही तर सबंध पाखे बदलावे लागते. ज्यांच्या घरी जुन्या माणसांनी परसदारी, गडग्याच्या आडोशाला, त्याच छापाच्या जादा कौलांची चळत रचून ठेवली होती, त्यांची छपरे पावसापूर्वी पुरी झाली.