तबकडीची दुसरी बाजू

जुन्या तबकडीला दोन बाजू असत, हे आजच्या नातवंडांना सांगावे लागते. एका बाजूवर गाजलेले गाणे असे. ते ऐकण्यासाठीच लोक तबकडी विकत घेत. दुसऱ्या बाजूवरचे गाणे फुकटात पदरी पडलेले, सुनेबरोबर माहेरहून आलेल्या पाटवरवंट्यासारखे! दहा इंची तबकडी, एका मिनिटात अठ्ठ्याहत्तर फेरे, आणि गाणे संपायचे तीन-सव्वातीन मिनिटांत. आमच्या घरच्या चावीच्या फोनोवर मी ती दुसरी बाजूच अधिक लावीत असे. थोरल्यांनी पहिली बाजू इतकी वाजविलेली असे की तिच्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त.

आमचे गाव अंबाजोगाई. माझ्या जन्माच्या वेळी, 1941 साली, सरकारदप्तरी त्याचे नाव मोमिनाबाद होते आणि अंमल निजामाचा. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या गावात मराठी गाण्याला तोटा नव्हता. तोटा होता तो नव्या तबकड्यांचा. पुण्या-मुंबईस गाजून जुने झालेले भावगीत आमच्याकडे नवे म्हणून येई. जी. एन. जोशी यांनी गायिलेली ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता अशीच उशिरा आली. गायकाचे नाव सर्वांच्या तोंडी. पण कवी आपल्या शेजारच्या वऱ्हाडातला, मेहकरचा, हे आमच्या गावात एका मास्तरांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. भावगीताची वाट पाडणाऱ्या जे. एल. रानडे यांचे नाव तर आज काढले, तर कोण रानडे, असेच ऐकणारा विचारील.

काही गाण्यांच्या नशिबी तबकडीच नव्हती. 1938 साली हैदराबाद संस्थानात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना वसतिगृहातून आणि विद्यापीठातून काढले. आमच्या गावच्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी काही काळ शिकविले होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले प्रभातफेऱ्यांत गात. ती पदे कुणी रचली, चाल कुणी लावली, हे लिहून ठेवणे म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावाच देणे. तेव्हा कुणी लिहिले नाही. 17 सप्टेंबर 1948 नंतर लिहायला हरकत नव्हती. पण तोवर लोकांना दुसरी कामे लागली.

पुढे रेडिओ आला. 1952 नंतर सिलोनच्या ‘बिनाका गीतमाले’ने बुधवारची रात्र काबीज केली, आणि कोणते गाणे आवडावे हेही आम्हांस पायऱ्या मोजून कळू लागले. (तिसऱ्या पायरीवरचे गाणे नवव्या पायरीवरच्यापेक्षा मला कधीच तितके चांगले वाटले नाही. असो.)

1955च्या दिवाळीत मी पुण्याला मामांकडे होतो. तेव्हा आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ चालू होते. 1 एप्रिल 1955ला आरंभ, पुढच्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गीते. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. आज ती सारी गीते फडक्यांच्या आवाजात घरोघरी आहेत, आणि त्या आवाजाबद्दल तक्रार करणारा करंटाच म्हणावा लागेल. पण त्या वर्षी मी ऐकली ती माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर अशा निरनिराळ्या गळ्यांतून. पात्र बदलले की गळा बदलायचा! ती माझ्या मते ‘गीतरामायणा’ची दुसरी बाजू.

आता जे सांगण्यासाठी लेखणी धरली ते सांगतो. आमच्या घरातला सर्वांत गोड आवाज आजीचा. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की ओवी उठे, आणि मी पांघरुणात जागा होई. 1956 साली पेठेत पिठाची गिरणी आली. आईला सुख झाले. जाते भिंतीला टेकले, आणि आजी गप्प झाली. मी एकदा म्हटले, “आजी, नुसतीच म्हण की.” ती म्हणाली, “नुसतीच कशी म्हणू रे बाबा? हाताला दगुड नसला की शबुद येत न्हाई.” तरी तिने पडवीत बसून आठ ओव्या सांगितल्या. मी शाळेच्या वहीत लिहिल्या. नववीला आरंभ झाला आणि मला क्रिकेट खेळायला बाहेरून हाक आली. “उद्या लिहितो,” म्हणालो.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आपल्या बीड जिल्ह्यातही ती मंडळी आली. 1996 साली माजलगावच्या भीमनगरात तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. मी त्या ऐकल्या. विषय निराळा, घर निराळे. पण ओळ संपताना आवाज थोडा खाली ठेवून पुन्हा उचलण्याची लकब तीच. दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघतात. त्या बायांच्या तोंडी काय आहे, ते या वर्षी कुणी ऐकणार आहे का?

आजी 1957च्या उन्हाळ्यात गेली. वही माझ्यापाशी आहे. नवव्या ओवीचे तीन शब्द लिहिलेले आहेत. त्यांपैकी तिसरा अर्धाच आहे.